मिक्सिंगला गेल्यापासून एसजीपीटी ४१२

वाचकाचं पत्र

माझे यजमान ३४ वर्षांचे आहेत. नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत रेक्झिन बनवायच्या कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला आहेत. चार वर्षं रोल गुंडाळायच्या खात्यात होते, काही त्रास नव्हता. होळीनंतर त्यांना मिक्सिंगला टाकलं. तिथे रेझिनमध्ये डीएमएफ नावाचं सॉल्व्हंट, म्हणजे रेझिन विरघळवणारं रसायन, घालतात, टाकी आणि पातंही त्यानंच पुसतात. पाचव्या आठवड्यापासून वरच्या पोटात दुखायला लागलं, जेवण जात नाही, थकवा आहे. एप्रिलमध्ये भाच्याच्या लग्नात अर्धा ग्लास बिअर घेतली तर तोंड, मान, छाती लाल झाली आणि धडधड सुरू झाली. याआधी असं कधी झालं नव्हतं.

यकृतासाठी रक्त तपासलं. एसजीपीटी ४१२, एसजीओटी १९८, अल्कलाइन फॉस्फेटेज ११८, बिलिरुबिन १.४. कावीळ बी नाही. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. डॉक्टर म्हणाले, दारू सोडा. ते वर्षातून दोन-तीनदाच घेतात हो, पण कोणी ऐकत नाही. सासूबाईंनी गुळवेलीचा काढा सुरू केला आहे आणि गावाकडे कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं म्हणतात. कारखान्याच्या कॅम्पमध्ये तर त्यांना 'फिट' लिहून दिलं होतं. हे कामामुळे असेल का? नोकरी सोडायची का? घराचे हप्ते आहेत. आणि माझा दीर स्फोटकांच्या कारखान्यात आहे, त्यालाही असं होऊ शकतं का?

– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर

ताई, हे कामामुळे असण्याचा संशय दाट आहे. त्यांनी उद्यापासून डीएमएफला हात लावायचा नाही. राजीनामा मात्र आत्ता द्यायचा नाही. आणि या दोन्हीच्या आधी एक तपासणी करायची, ती म्हणजे पीटी-आयएनआर. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत ती नाही. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम्स, त्यांवरून किती पेशी फुटताहेत ते कळतं, पण यकृत अजून आपलं काम करतंय की नाही ते आयएनआर सांगतो. रक्त गोठवणारे घटक यकृतात बनतात. ते कमी पडू लागले की आयएनआर वाढतो.

आयएनआर १.५ किंवा जास्त आला, डोळे पिवळे दिसले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर ओपीडीची वाट पाहू नका. थेट नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत न्या. बोलण्यातला गोंधळ घरच्यांनाच आधी कळतो. नेहमीची गोष्ट विसरणं, उगाच चिडणं, सहीचं वळण बदलणं, यावर तुम्ही लक्ष ठेवा. बिलिरुबिन १.४ आहे, म्हणजे किंचित वाढलेलं. ते २ च्या वर गेलं तर प्रकरण वेगळं होतं. औषधांमुळे यकृताला इजा होऊन कावीळही दिसू लागली, तर अशा १० पैकी साधारण १ रुग्ण दगावतो. रसायनांच्या बाबतीतही डॉक्टर तेवढ्याच गांभीर्यानं पाहतात.

आता दारूचं. तुमच्या यजमानांचा रिपोर्ट दारूचा वाटत नाही. दारूमुळे यकृत सुजतं तेव्हा सहसा एसजीओटी जास्त असतं, एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, आणि दोन्ही आकडे बहुधा ३००-४०० च्या आत राहतात. इथे उलटं आहे. एसजीपीटी ४१२ आणि एसजीओटी १९८, म्हणजे निम्म्याहून कमी. आणखी एक हिशोब कागदावर करता येतो. ४१२ ला लॅबच्या वरच्या मर्यादेनं, समजा ४० नं, भागा, तर १०.३ येतात. अल्कलाइन फॉस्फेटेज ११८ ला त्याच्या मर्यादेनं, समजा १२० नं, भागा, तर जवळपास १ येतो. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की साडेदहा. हा आकडा ५ च्या वर असेल तर मार यकृताच्या पेशींवर आहे. २ च्या खाली असता तर पित्ताच्या वाटेत खडा किंवा अडथळा शोधावा लागला असता. तुमच्या रिपोर्टवर मर्यादा वेगळी छापली असेल तर ती घाला, निष्कर्ष बदलणार नाही.

फॅटी लिव्हरवरही सगळं ढकलू नका. ग्रेड १ आज कितीतरी लोकांच्या सोनोग्राफीत दिसतं, पण नुसत्या चरबीनं एसजीपीटी मर्यादेच्या दहापट जात नाही. उलट काही सॉल्व्हंटांमुळेच यकृतात चरबी साठते, सडपातळ माणसातसुद्धा.

लग्नातला तो अर्धा ग्लास हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा धागा आहे, तो डॉक्टरांना जरूर सांगा. दारू शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि मग पुढे मोडते. डीएमएफ आणि त्यापासून बनणारे पदार्थ ही पुढची पायरी अडवतात. अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, आणि चेहरा-छाती लाल होणं, धडधड, मळमळ सुरू होते. डीएमएफवर काम करणाऱ्या लोकांत ही तक्रार जगभर नोंदलेली आहे. काम थांबल्यावरही काही दिवस ती दिसू शकते. म्हणजे ज्या घोटामुळे त्यांच्यावर दारूचा ठपका आला, तोच घोट सॉल्व्हंटकडे बोट दाखवतोय. दारू आता पूर्ण बंद, एक घोटही नाही, पण त्याचं कारण हे आहे.

वेळही जुळते. डीएमएफनं यकृताला होणारी इजा बहुतेक वेळा नव्या कामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ते काही महिन्यांत दिसते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात कापडावर कोटिंग करणाऱ्या एका कारखान्यात एका कामगाराच्या आजारावरून तपास सुरू झाला आणि उत्पादनातल्या बऱ्याच कामगारांची एन्झाइम्स वाढलेली निघाली. तिथेही एसजीपीटी एसजीओटीपेक्षा जास्त होतं. चार वर्षं रोल गुंडाळताना काही झालं नाही आणि मिक्सिंगला जाऊन पाचव्या आठवड्यात झालं, याला वजन आहे.

पण संशय कितीही दाट असला तरी बाकीची कारणं तपासून बाजूला काढायलाच हवीत. नागपुरात मे-जूनमध्ये दूषित पाण्याची कावीळ (हिपॅटायटिस ए आणि ई) असतेच. त्यासाठी आयजीएम अँटी-एचएव्ही आणि आयजीएम अँटी-एचईव्ही. बी तपासली आहे, सी राहिली आहे, तर अँटी-एचसीव्ही. त्यांचं वय ४० च्या आत आहे म्हणून सेरुलोप्लास्मिन, तांबं साठण्याचा आजार नाही ना ते पाहायला. शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली नाही ना, यासाठी एएनए आणि आयजीजी. सोबत अल्ब्युमिन, जीजीटी, आणि सीपीके. सीपीके अशासाठी की जड ओझं उचलणाऱ्या माणसाच्या स्नायूंतूनही ही एन्झाइम्स रक्तात येतात, आणि मग उगाच यकृत बदनाम होतं. हे सगळं मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत पोटविकार विभागाच्या ओपीडीत दाखवा, किंवा मिहानमधल्या एम्सला. त्यांचं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, असेल तर सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयातून सुरुवात करून पुढे पाठवण्याचा कागद घ्या. त्या कागदाचा पुढे उपयोग आहे.

खरी तपासणी मात्र कॅलेंडरवर होते. डीएमएफपासून लांब गेल्याच्या दिवशी एकदा रक्त द्यायचं, मग १ आठवड्यानं, २ आठवड्यांनी, ४ आणि ८ आठवड्यांनी. दर वेळी त्याच लॅबमध्ये. सॉल्व्हंट कारण असेल तर आकडे पहिल्या दोन आठवड्यांतच उतरणीला लागायला हवेत आणि काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत जाग्यावर यायला हवेत. इथे एक फसगत होते. पाण्याची कावीळही आपोआप उतरते, म्हणून नुसती उतरण हा पुरावा नाही. ए आणि ई निगेटिव्ह, आणि लांब गेल्यावर उतरण, हे दोन्ही हातात हवं. आकडे उतरल्यावर 'परत पाठवून बघू, वाढतात का' असा प्रयोग कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. दुसऱ्या वेळी इजा जास्त होऊ शकते.

लघवीत डीएमएफची खूण मोजणारी तपासणी असते, ती शिफ्ट संपताना घेतलेल्या नमुन्यावर करतात. साध्या लॅबमध्ये ती होत नाही आणि काम थांबल्यावर दोन-तीन दिवसांत ती खूण जवळजवळ निघून जाते. तिच्यामागे धावण्यात दिवस घालवू नका.

त्यापेक्षा एका वहीचं पान लिहून काढा. मिक्सिंगला कोणत्या तारखेला गेले, रोज किती तास, आठवड्यात किती शिफ्ट, ओव्हरटाइम किती. टाकी कोण धुतं, किती वेळा, कशानं. पोट कधीपासून दुखतं. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का. ड्रमवर काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर. मोबाइल आत नेऊ देत नसतील तर वहीत उतरवून घ्या. डीएमएफ असेल तर डायमिथाइलफॉर्मामाइड हे नाव, कॅस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) ६८-१२-२, आणि वाहतुकीचा यूएन क्रमांक २२६५ दिसेल. मिक्सिंगमध्ये बहुधा एमईके (७८-९३-३) आणि टोल्यूइन (१०८-८८-३) हेही ड्रम असतात, त्यांचीही नोंद करा. प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट कारखान्याकडे असायला हवी. त्यात ३ ऱ्या भागात घटक, ८ व्या भागात हातमोजे आणि मास्क कोणता, ११ व्या भागात शरीरावरचे परिणाम. ही तीन पानं केस पेपरला लावली की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. 'केमिकल कंपनीत आहेत' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही, आणि मग 'दारू सोडा' हेच ऐकायला मिळतं.

हाताचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. डीएमएफला फार उग्र वास नाही, हलका माशासारखा. तो साध्या तापमानाला फार उडतही नाही, उकळतो १५३ अंशांना. त्यामुळे डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, आणि माणूस बेफिकीर होतो. पण कातडीतून तो सरळ आत जातो. द्रव तर जातोच, हवेतली वाफही जाते. आता मिक्सिंगमध्ये काय होतं ते पाहा. रेझिन बोटांना चिकटतं. साबणानं निघत नाही. म्हणून शेजारच्या डबक्यात चिंधी बुडवायची आणि हात पुसायचे. एका सेकंदात हात स्वच्छ, आणि त्याच सेकंदाला सॉल्व्हंट आत. दिवसातून दहा वेळा. त्यांना आज विचारा, हात कशानं पुसता. चिकट रेझिनला खोबरेल किंवा कोणतंही खाद्यतेल चोळा, कोरड्या कापडानं पुसा, मग साबण-पाणी. वेळ लागतो, पण हा वेळ द्यायलाच हवा.

हातमोजे दिलेत असं कारखाना सांगेल. कोणते, ते विचारा. डॉक्टर वापरतात तसले पातळ लॅटेक्स किंवा नायट्राइल डीएमएफ काही मिनिटांत आरपार सोडतात, आणि मोजा वरून कोरडाच दिसतो. कापडी मोजे तर उघड्या हातापेक्षा वाईट. ते भिजतात आणि ओला बोळा तासन् तास कातडीवर धरून ठेवतात. डीएमएफला बुटाइल रबरचे मोजे टिकतात, किंवा अनेक पापुद्र्यांचे लॅमिनेट मोजे. महाग पडतात, आणि म्हणूनच ते एकेका माणसाला नावानं द्यायचे, आतून ओले झाले की फेकायचे, बाही मोज्यात न खोचता मोज्यावरून सोडायची, म्हणजे हात खाली असताना ओघळ आत जात नाही. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढून भरपूर पाण्यानं धुवायचं, 'वाळेल आपोआप' म्हणायचं नाही. तुमच्याकडे वेट लाइन असेल, म्हणजे कोटिंग पाण्याच्या टाकीत बसवत असतील, तर ती टाकी साधी पाण्याची दिसते, पण डीएमएफ पाण्यात पूर्ण मिसळतो. त्या पाण्यात हात घालणं म्हणजे पातळ केलेल्या डीएमएफमध्येच हात घालणं.

मास्कचंही तसंच. कापडी मास्क, एन-९५, धुळीचा मास्क, यांतलं काहीही वाफ अडवत नाही. 'ऑरगॅनिक व्हेपर' लिहिलेलं कार्ट्रिज असलेला हाफ-फेस मास्क लागतो, चेहऱ्याला घट्ट बसणारा, दाढी वाढलेली असेल तर बसत नाही, आणि कार्ट्रिज ठरलेल्या वेळी बदलायचं. वास आल्यावर बदलू, असं डीएमएफच्या बाबतीत चालत नाही. अमेरिकेत कायद्यानं हवेतली मर्यादा ८ तासांच्या सरासरीनं १० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १० भाग, आहे, आणि तिथल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ पासून ती ५ वर आणण्याची शिफारस केली. पण हवा ठीक असली आणि हात भिजत असले तर हवेच्या मोजमापाचा काही उपयोग नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आणि आपल्या नागपुरातली एक खास चूक, कूलर. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये कूलर लावणं साहजिक आहे. पण टाकीच्या तोंडाशी वाफ ओढणारी हूड असेल तर कूलरचा झोत ती वाफ हूडपासून पळवतो आणि सगळ्या खोलीत पसरवतो. शिवाय घामानं ओली, उबदार कातडी आणि दमट हवा यांत डीएमएफ जास्त शोषला जातो. कूलर हवाच, पण त्याचा झोत टाकीवर न येता माणसाच्या मागून, बाजूनं जायला हवा. टाकीला झाकण हवं, आणि ओढ टाकीच्या तोंडाशी, छताला नाही. छतावरचा एक्झॉस्ट वाफ खेचतो तेव्हा ती वाकून काम करणाऱ्याच्या नाकावरूनच वर जाते. टाकी हातानं पुसण्याऐवजी बंद झाकणाखाली धुता येते, आणि काही उत्पादनांना पाण्यावर आधारलेलं पॉलियुरेथेनही चालतं. हा कारखान्याच्या खर्चाचा प्रश्न आहे, पण तो विचारायचा.

आता नोकरी. पहिल्या दिवशी साध्या कागदावर अर्ज द्या, एक प्रत ठेकेदाराला, एक कारखान्याला, आपल्या प्रतीवर तारीख आणि पोचेची सही. मजकूर एवढाच पुरे: अमुक तारखेपासून मिक्सिंगला आहे, यकृताचे आकडे वाढले आहेत, रिपोर्ट जोडला आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं सॉल्व्हंटपासून दूरच्या कामावर, आधीच्या रोलच्या खात्यात, बदली द्यावी. त्याआधी डॉक्टरांकडून एका ओळीचं पत्र घ्या, 'यकृताला इजा, डीएमएफमुळे असल्याचा संशय, सॉल्व्हंटच्या संपर्कात काम देऊ नये'. 'डीएमएफ' हा शब्द केस पेपरवर आला पाहिजे, त्यासाठी आग्रह धरा. विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ १९४८ च्या कारखाने कायद्यापासून कळवण्याच्या रोगांच्या यादीत आहे. अशा रुग्णाची खबर सरकारला देणं उपचार करणाऱ्या डॉक्टरचंही कर्तव्य आहे. नागपुरात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय आहे. बदली मिळाली नाही किंवा हातमोजे बदलले नाहीत तर तिथे लेखी तक्रार करता येते.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ठेकेदाराच्या माणसालाही ईएसआय लागू होतं. पगाराच्या पावतीवर ०.७५ टक्के कपात दिसते का आणि १० अंकी विमा क्रमांक आहे का ते पाहा. कपात होत असून क्रमांक मिळाला नसेल तर मूळ कारखान्यालाही जबाब द्यावा लागतो. आजारपणाच्या रजेवर पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात. मात्र सहा महिन्यांच्या ठरलेल्या काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आजार कामामुळे झाल्याचं मान्य झालं तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के आहे आणि त्याला ७८ दिवसांची अट नाही. डीएमएफसाठी हे मान्य करून घेणं थोडं झगड्याचं आहे, नातं कागदावर दाखवावं लागतं. म्हणून ती वही, तो अर्ज आणि आठवड्याचे आकडे जपून ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.

कॅम्पमध्ये 'फिट' लिहिलं याचं फार मनावर घेऊ नका, पण त्या कागदावर यकृताची तपासणी होती का ते पाहा. बीपी, शुगर, वजन आणि छातीचा एक्स-रे यांवर यकृत कळत नाही. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची तपासणी कामावर घेण्याआधी आणि मग दर बारा महिन्यांनी व्हायला हवी, आणि डीएमएफवाल्याची एसजीपीटी तर पहिल्या तीन-चार महिन्यांत दर महिन्याला पाहिली पाहिजे, कारण इजा तेव्हाच होते. मिक्सिंगमधल्या बाकीच्यांना तुमच्या यजमानांनी एक गोष्ट सांगावी, प्रत्येकानं स्वतःचं एसजीपीटी करून घ्यावं. पाचांपैकी तिघांचं वाढलेलं निघालं तर सगळे मिळून बोलता येतं, आणि एकट्याला काढून टाकण्याची भीती कमी होते.

घरातलं. काढा आजच थांबवा, सासूबाईंना दुखवून नाही, समजावून. गुळवेल घेतल्यानंतर यकृत सुजलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. शिवाय काढा चालू असताना आकडे उतरले तर श्रेय काढ्याला जाईल, वाढले तर काढ्याला की डीएमएफला ते कळणार नाही. कावीळ उतरवणाऱ्याची माळ गळ्यात घातली तर बिघडत नाही, पण पोटात जाणारं काहीही नको, आणि त्यासाठी दवाखाना एक दिवसही लांबवू नका. हळद, तेल, फोडणी बंद करायची गरज नाही. जेवण जात नसेल तर थोडं थोडं, चार-पाच वेळा, वरण, अंडं, दही, पोळी असं द्या, उपाशी ठेवू नका. रस्त्यावरचा उसाचा रस काविळीला चांगला म्हणून देतात, पण बर्फ आणि पाण्यातून ए आणि ई तिथूनच येऊ शकते. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दिवसात ५०० च्या ४ गोळ्यांच्या पुढे नाही. कामाचे कपडे घरी वेगळे धुवा, शक्य असेल तर कारखान्यातच बदलून या म्हणावं. आणि कारखान्यातून रिकामा ड्रम पाणी साठवायला आणला असेल तर आज काढून टाका. कितीही धुतला तरी नको. उन्हाळ्यात आपल्याकडे हे घरोघर चालतं, म्हणून विचारतोय.

तुमच्या दिरांबद्दल. ते टीएनटी नावाचं स्फोटक हाताळत असतील तर धोका खरा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडायची, आणि त्यातल्या काहींना विषारी कावीळ होऊन मृत्यू आला. टीएनटीही कातडीतून जातं, घामट कातडीतून जास्त. ते रक्त बनवणाऱ्या मज्जेलाही मारतं आणि वर्षानुवर्षांच्या संपर्कानं डोळ्यात मोतीबिंदू आणतं. त्यांना विचारा, तळहात किंवा नखं नारिंगी-पिवळी होतात का, ओठ निळसर वाटतात का. विभागात टीएनटी असेल तर एसजीपीटीसोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दर काही महिन्यांनी, वर्षातून एकदा डोळे, आणि शिफ्टनंतर घरी यायच्या आधी अंघोळ. टीएनटी नसेल आणि ते फक्त पॅकिंग किंवा इमल्शन स्फोटकांवर असतील तर प्रश्न वेगळा आहे. त्यांनाही ड्रमवरचं, पोत्यावरचं नाव उतरवून आणायला सांगा.

आयएनआरचा आकडा आला की आम्हाला कळवा, आणि दोन आठवड्यांनंतरचा एसजीपीटीही.